नाल्यापलीकडची मुनादी

सरकार कुठं सुरू होतं ते मोठ्या लोकांना विचारा. ते कुठं संपतं, हे मात्र बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या पुढच्या त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ते संपतं दगा कोटवाराच्या सायकलीशी. भोपाळहून निघालेला कागद कलेक्टर कचेरीत येतो, तिथून तहसिलीत, तहसिलीतून पटवाऱ्याकडं. पटवारी गावात येणार कधी तरी, आणि आला तर चहा पिऊन जाणार. म्हणून तो कागद शेवटी दगाच्या कापडी पिशवीत पडतो. त्याच्यापुढं सरकारला रस्ता नाही.

दगाचा बाप कोटवार होता, बापाचा बापही कोटवार. अंगात खाकी सदरा, छातीवर पितळी बिल्ला. काम म्हणाल तर नोटीस पोचव, सही घे, कोणी सही देईना तर दोन पंच उभे करून दारावर चिकटव. गावात कोण मेलं, कोण जन्मलं त्याची खबर दे. साहेब आले की खुर्ची टाक. आणि मुनादी कर. मुनादी म्हणजे दवंडी, पण बुऱ्हाणपूरकडं तिला मुनादीच म्हणतात. मानधन नावाला. खरी भाकर यायची ती कोटवारकीच्या जमिनीतून. नाल्याच्या काठाला सरकारनं कोटवाराला कसायला दिलेली एक पट्टी आहे. जोवर बिल्ला तोवर ती जमीन. बिल्ला गेला की तिथं दुसऱ्याचा नांगर.

आणि दगाचं नोकरीचं वय भरत आलं होतं. पोरगा मयूर बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर जायचा. लूम चालली तर मजुरी, नाही तर घरी येऊन मोबाइल बघत बसायचा. त्याला खाकीचं नावही नको. "लोकाइच्या शिव्या कोन खाईन?" असं त्यानं तोंडावर सांगून टाकलेलं. सून शीतल मात्र तयार होती. बारावी झालेली, अक्षर बरं, भीडभाड कमी. पटवाऱ्याचे मेसेज तीच सासऱ्याला वाचून दाखवी, जबाब तीच लिहून देई. दगा फक्त खाली सही करी. त्याच्या मनानं पक्कं धरलं होतं: बिल्ला शीतलकडं जाईल, पट्टी घरात राहील. जुन्या कोटवाराच्या घरातला माणूस असला आणि जुन्याचं काम साफ असलं तर तहसीलवाले त्यालाच आधी बघतात, असा रिवाज होता.

आता कामाचं साफपण. खोटं कशाला बोला, दगा लबाड माणूस नव्हता, आळशीही नव्हता. पण गावात आधी पंचायतीचा भोंगा आला, मग व्हॉट्सॲपचा ग्रुप आला, आणि डफ जो खुंटीवर गेला तो तिथंच राहिला. मुनादीचा कागद मात्र येतच होता. कायद्याला भोंगाही माहीत नाही आणि ग्रुपही माहीत नाही. कागदावर छापलेलंच असायचं की डफ वाजवून गावात मुनादी केली, कोणाची हरकत आली नाही. दगा तो कागद घेऊन बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जायचा. तिथं पाच पंच कायम बसलेले असत. "मुनादी झाली रे बा, करा सह्या." पंच विचारत, "कशाची?" दगा म्हणे, "आहे एक." सह्या होत. डफाचं काम पेनानं व्हायला लागलं आणि कुणाचं काही अडलं नाही. जिल्ह्यातले सगळे कोटवार असंच करत होते. मग दगानंच काय घोडं मारलं होतं?

त्याचं घोडं अडलं ते धुरपदाबाईपाशी.

धुरपदाबाई नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. पोरबाळ नाही. नवरा निंबा दोन वर्षांमागं गेला. त्याची केळीची बाग कायद्यानं तिच्या नावावर चढली, रीतसर, बिनबोभाट. फेरफाराच्या आधी गावात मुनादी व्हावी लागते, की निंबाची जमीन आता धुरपदाबाईच्या नावावर होतेय, कुणाची हरकत असेल तर सांगा. ती मुनादी दगानं टपरीवर केली होती. हरकत आली नाही. कशी येईल? कुणाला कळलंच नाही!

नाव चढलं. मग तक्रार कशाची? ऐका. बाग धुरपदाबाईची, पण गावाच्या तोंडी ती निंबाचीच राहिली, आणि निंबा नाही म्हणून त्याच्या पुतण्याची, रमेशची. केळीचा व्यापारी आला की रमेशच्या ओट्यावर बसे. वीजवाला मोटरीचं कनेक्शन बघायला आला तर म्हणे, रमेशभाऊले बोलवा. एकदा शेजारच्या शेतवाल्यानं बांध रेटला. धुरपदाबाई कमरेला पदर खोचून उभी राहिली, "हे माह्यं शेत आहे." तो हसून म्हणाला, "कधी झालं वं माय तुह्यं? मुनादी तं काही ऐकली नाही."

बाई तिथूनच माघारी फिरली. कारण मुनादी तिनंही ऐकली नव्हती. मंगळवारी ती बुऱ्हाणपूरला जनसुनवाईत, म्हणजे कलेक्टर कचेरीतल्या तक्रारीच्या दिवसाला गेली, फेरफाराच्या कागदाची नक्कल काढली, आणि वाचून घेतलं. डफ वाजवून मुनादी केली. खाली दगा कोटवाराची सही. घरी येऊन तिनं स्वतःच्या मोबाइलवरून सरकारी हेल्पलाइनला फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, "माह्या शेताची मुनादी झाली नाही. ती करा."

झालं! तक्रार भोपाळला लागली आणि तिथून ती सरकारी रस्त्यानं निघाली. कलेक्टर कचेरीनं तहसिलीला लिहिलं, चौकशी करून कळवा. तहसिलीनं पटवाऱ्याला लिहिलं, चौकशी करून कळवा. पटवाऱ्यानं मेसेज केला दगाला. शीतलनं वाचला आणि हसावं की रडावं तिला कळेना.

"बाबा, तुमच्यावर तक्रार आहे."

"मंग?"

"मंग काय. तिची चौकशी तुम्हीच करायची आहे."

दगा तहसिलीत निरंजन बाबूकडं गेला. आवक-जावकची टेबलं, तक्रारींचा कॉम्प्युटर, सगळं निरंजन बाबूच्या ताब्यात. माणूस वाईट नाही, पण दर सोमवारच्या मीटिंगीचा त्यानं धसका घेतलेला. मीटिंगीत उघड्या तक्रारींची यादी भिंतीवर झळकते आणि साहेब ज्याच्याकडं बघतात त्याला उभं राहून जबाब द्यावा लागतो.

"दगा, देख बा," निरंजन बाबू म्हणाला, "बाईले फोन येईल. विचारतील, आप संतुष्ट हैं? तिनं फक्त हो म्हणायचं. तक्रार बंद. तू जा, तिले समजाव. चहा पी, हात जोड, काही कर."

"अन् मुनादी करूनच टाकली तं?"

निरंजन बाबूनं कपाळावर हात मारला. "अरे येड्या! मुनादी झाली असं तूच लिहून दिलं ना? आता पुन्हा केली म्हणजे आधीचं खोटं. खोटा अहवाल म्हणून तुह्याच गळ्यात नोटीस. तुह्या सुनेचं नाव घेतीन का मंग कोणी?"

म्हणजे केली तरी पंचाईत, नाही केली तरी पंचाईत. दगडाखाली हात सापडला तो असा.

दगा सायकल हातात धरून नाला ओलांडून गेला. धुरपदाबाईनं खाट टाकली, चहा दिला, त्यात आलं घातलं. दगाला वाटलं, जमलं बहुतेक.

"वयनी," तो म्हणाला, "नाव तं चढलं ना? खसरा, ऋणपुस्तिका, जमिनीच्या सगळ्या कागदावर तुमचंच नाव. मंग आता कशाले?"

"कागद पेटीत आहे, भाऊ. गाव पेटीत पाहाले येते का?"

"पण माह्यं नुकसान होईन. सून आहे, तिचं—"

"तुह्यी सून चांगली आहे. म्या काही वाईट चितलं नाही तिचं." धुरपदाबाईनं कप उचलला आणि उभी राहिली. "हे मेले, त्याची खबर तहसिलीले कोणी देली?"

"म्याच देली."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"मेलेल्या माणसाची खबर तू त्याच दिवशी पोचवली. जित्या बाईची अजून नाही पोचवली. हो म्हन, की नाही म्हन."

दगा खाटेवरून उठला आणि त्यानं सायकल धरली. त्यानं बरीच बोलणी खाल्ली होती आयुष्यात. साहेबांची, सावकाराची, नोटीस चिकटवली म्हणून बायाबापड्यांच्या शिव्या. ती सगळी खाकीला लागत. हे त्याला लागलं. बापाची आठवण येऊन त्याला मनस्वी लाज वाटली. बाप ऐन पावसात, नाला गुडघाभर असला तरी डफ डोक्यावर धरून पलीकडं जायचा आणि वस्तीतली म्हातारी कोतारी ओट्यावर येईपर्यंत वाजवत राहायचा.

घरी येऊन त्यानं खुंटीवरचा डफ काढला. कडेला उंदरानं कुरतडलेलं होतं, पण कातडं शाबूत. अंगणात त्यानं केळीची वाळलेली पानं पेटवली आणि डफ धगीवर फिरवून ताणला. शीतल भाकरी टाकता टाकता बघत होती.

"बाबा, बाबूनं काय सांगितलं ते ध्यानात आहे ना?"

"आहे."

"मंग?"

"मंग काय! जेवाले ठेव झाकून."

त्या संध्याकाळी गावानं कित्येक वर्षांनी डफ ऐकला. दगा आधी चौकात उभा राहिला, मग मारुतीपाशी, मग रमेशच्या ओट्यासमोर मुद्दाम थोडा जास्त वेळ, आणि मग नाला ओलांडून वस्तीत. "ऐका हो ऐका! आपल्या गावचे मयत निंबा यांची जमीन त्यांची बायको धुरपदाबाई यांच्या नावावर झाली आहे हो! बागेचा मालक आता धुरपदाबाई आहे हो!" पोरं मागं धावत होती. रमेशनं दार लोटून घेतलं. धुरपदाबाई ओट्यावर आली, पदर नीट केला आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणखी एकदा म्हन." दगानं आणखी एकदा म्हटलं.

फोन आला. बाई संतुष्ट म्हणाली. सोमवारच्या भिंतीवरून एक ओळ कमी झाली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत निरंजन बाबूनं अंगावरचं काम झटकलं, पण पुढच्याच आठवड्यात खोकला उलटला. रमेशनं कुणाकडून तरी लिहून अर्ज टाकला की मुनादी दोनदा झालीच कशी. अर्ज खरा होता, त्याला उत्तर द्यावं लागणार होतं. दगाच्या नावानं कारण दाखवा नोटीस निघाली.

आणि गावात नोटीस बजावायची कुणी? कोटवारानं. दगानं स्वतःची नोटीस स्वतःच्या दारात स्वतःला बजावली. देणाऱ्याच्या जागी एक सही, घेणाऱ्याच्या जागी दुसरी. पंच म्हणून टपरीवरचेच दोघं. ते हसून हसून लोळायचे बाकी राहिले. दगालाही हसू आलं. शीतलला आलं नाही.

नायब तहसीलदार पूर्णिमा मॅडम नव्या होत्या, कडक होत्या. नोटीस पुढं ठेवून त्यांनी विचारलं, "दो बार मुनादी क्यों की?"

दगानं टोपी काढली. "मॅडम, पहिल्यांदा कागदावर केली. दुसऱ्यांदा गावात."

मॅडमनी फायलीतला जुना अहवाल काढून वाचला. निरंजन बाबू छताचा पंखा न्याहाळत होता. शेवटी मॅडम म्हणाल्या की खरं बोललास म्हणून नोकरी राहील, पण चूक ती चूक. लेखी ताकीद फायलीला लागली. वय भरायला थोडेच महिने उरले होते, ते त्यानं सुखानं काढावेत. मात्र घरच्या माणसाला आधी बघायचं म्हणजे जुन्याचं काम साफ लागतं, आणि ते आता साफ राहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर निरंजन बाबूनं त्याला पानाच्या ठेल्यामागं नेलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "ऐक. तुह्यी जागा खाली होतेय, त्याचा इश्तहार निघालाय. गावात मुनादी करायची की कोटवाराची जागा भरायची आहे, अर्ज करा. मुनादी कोण करील? तूच. आता तुले मी काय सांगू?" त्यानं डोळा मारला. "कोणाले कळलंच नाही तं अर्ज एकच येईल. एकच आला तं एकालेच घ्यावं लागते. तुह्यी ताकीद बी आडवी येणार नाही."

दगा समजला. न समजण्यासारखं त्यात काय होतं? तो स्वतः असाच लागला होता. बाप डफ घेऊन सगळ्या गावभर फिरे, पण स्वतःची जागा खाली झाली तेव्हा त्यानंही मुनादी टपरीवरच उरकली होती. साऱ्या गावांत बिल्ला असाच घरातल्या घरात फिरत होता.

कागद पिशवीत घेऊन तो पट्टीवर गेला. तुरी फुलात होत्या. पलीकडच्या काठावर धुरपदाबाईची बाग, आणि बाई स्वतः बांधावर उभी राहून केळीच्या व्यापाऱ्याशी भांडत होती. व्यापारी तिच्यापुढं उभा होता, रमेशच्या ओट्यावर नव्हता. दगा तिथंच बसला. आत कुठं तरी बरं वाटत होतं. पण ही पट्टी गेली तर घरात काय शिजेल, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

घरी येऊन तो शीतलला म्हणाला, "डफ दे."

तिनं कागद वाचला होता. ती हलली नाही. "बाबा, हे ऐकलं तं गावातली सारी पोरं अर्ज भरतील."

"भरतील."

"पोरगी म्हणून मले कोणी विचारणार बी नाही. अन् आपली जमीन?"

"जमीन आपली नाही, बाई. कोटवाराची आहे." मग त्याचा आवाज खाली आला. "तुह्यं वाटोळं करून राहिलो मी, माहीत आहे मले. पण धुरपदावयनीले काय तोंड दाखवू?"

शीतलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, रागाचंच. तिनं डफ काढून त्याच्यापुढं आदळला आणि आत निघून गेली. दगा एकटाच निघाला. चौकात वाजवलं, मारुतीपाशी वाजवलं. पोरं थांबून ऐकत होती, एकमेकांना कोपरं मारत होती. नाल्याच्या उतारावर मात्र त्याचा खांदा गेला. गेल्या खेपेपासूनच तो दुखत होता. डफ धरलेला हात वरच होईना. अलीकडं झालं होतं, पलीकडं राहिलं होतं. इतकं झालं तेवढं पुरे, असं म्हणायला हरकत नव्हती, बघणारं कुणी नव्हतं. तो नाल्याच्या कडेला दगडावर टेकला.

तेवढ्यात मागून शीतल आली. पीठ लागलेले हात तिनं पदराला पुसले. तिनं त्याच्या हातातून डफ घेतला, साडी वर खोचली आणि नाल्यात उतरली.

वस्तीत बाईच्या हातात डफ कुणी पाहिला नव्हता. पहिले ठोके वाकडेतिकडे पडले. म्हाताऱ्या हसल्या. मग हात बसला आणि आवाज चढला. "ऐका हो ऐका! गावच्या कोटवाराची जागा खाली आहे हो! ज्याले काम करायचं त्यानं तहसिलीत अर्ज द्यावा हो! बाया बी देऊ शकतात हो!" शेवटचं कागदावर नव्हतं. अलीकडच्या काठावर दगडावर बसलेल्या दगालाही ते स्पष्ट ऐकू आलं.

अर्ज आले चार. तीन पोरांचे आणि शीतलचा. एक अर्ज गौरवचा होता, रमेशच्या थोरल्याचा, म्हणजे धुरपदाबाईच्याच घरच्या रक्ताचा. घरच्याला आधी बघायचा रिवाज आता लागू नव्हता, म्हणून कुणाची शिफारस करायची ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. पंचायतीच्या ओसरीवर सचिवानं नावं वाचली आणि विचारलं, कोण कुणाच्या बाजूनं. रमेश पुढच्या रांगेत माणसं घेऊन बसला होता. दगा मागं भिंतीशी, मान खाली घालून. शीतल बायांच्या घोळक्यात.

धुरपदाबाई उठली. तिनं गौरवकडं बघितलं. "पोरा, तू माह्या अंगणात मोठा झाला. पण नाल्यापलीकडं काय पुकारलं होतं, ते सांग बरं."

गौरव रमेशकडं बघायला लागला. लहानपणानंतर तो नाला ओलांडून कधी गेला होता ते त्यालाच आठवेना.

"सचिवभाऊ," धुरपदाबाई म्हणाली, "माह्यं नाव गावाले ऐकू याले दोन वर्सं लागली. जिचा आवाज माह्या ओट्यापोत आला, तिचं नाव लिहा."

मागून वस्तीतल्या बायांनी हात वर केले. मग चौकातल्या काहींनी. टपरीवरचे पाच पंच आधी एकमेकांकडं बघत राहिले, आणि मग त्यांनीही केले.

नेमणुकीचा हुकूम दगाच्याच पिशवीतून गावात आला. त्याची ती शेवटची तामील. तो सरळ घरात शिरला नाही. स्वतःच्या दाराबाहेर उभा राहिला, सदऱ्याची बटणं लावली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात नाव पुकारलं. शीतल बाहेर आली. तिनं सही केली. दगानं छातीवरचा बिल्ला काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "खांदा चोळून दे जरा, कोटवारीणबाई. लई दुखून राहिला."